अनवाणी पळणाऱ्या बाई

अप्पा काखेपर्यंत वाळूत गेले होते आणि बाई त्यांच्यापुढे पालथ्या पडून त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरून होत्या. धुकं इतकं होतं की मला आधी फक्त बाईंचे तळपाय दिसले. बोटं वाळूत रोवलेली, टाचा वर. मी खरबुजाच्या वेलांतून तशीच धावत निघाले, तर बाई मान न वळवता म्हणाल्या, "शेवंताबाई, उभ्यानं येऊ नका. झोपून या."

आवाज वर्गात असायचा तसाच. घाई नाही, रडणं नाही. अप्पांच्या गळ्यात एक कापडी पिशवी अडकलेली होती. त्यांच्याभोवतीची वाळू जात्यातल्या पिठासारखी हळूहळू फिरत आत जात होती आणि तिच्याखालून पाणी वर येत होतं. मी खोपीचा बांबू उपसायला मागे वळले.

बाई म्हणजे इंदूबाई. जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवायच्या. माझी दोन्ही पोरं त्यांच्याच हाताखाली लिहायला शिकली. अप्पा त्यांचे मालक, तहसीलमधून कारकून म्हणून निवृत्त झालेले. मुलगा-मुलगी दोघं पुण्याला. गंगाखेडात त्यांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. माझं शेत गंगेच्या काठाला. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की मी पात्रातल्या वाळूत खरबुजं लावते आणि उन्हाळा लागेपर्यंत तिथंच खोपीत राहते. शिक्षण माझं चौथीपर्यंत. बाईंशी माझी मैत्री होती असं म्हणणार नाही. त्या यायच्या, मी असायची.

बाईंना मोठ्या माणसांशीही पहिलीच्या पोरांसारखं बोलायची सवय होती. अप्पांनी चहात साखर जास्त टाकली तर "परत करा बरं" म्हणायच्या आणि अप्पा खरंच दुसरा चहा करायचे. बोलता बोलता मधेच थांबायच्या आणि कान द्यायच्या, जणू वर्गात मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं. बोलताना उजव्या हाताची तीन बोटं खडू धरल्यासारखी जुळलेली असायची. निवृत्त झाल्यावरही ती सुटली नाहीत.

निवृत्तीनंतर बाईंचे गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, चालत जा. मुलानं पुण्याहून पळायचे बूट पाठवले. तसले बूट मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. पायाला दोन उशा बांधल्यासारखे. ते घालून बाई सडकेनं चालायच्या, मग थोडं पळायच्या, धप धप धप. गुडघे आणखी दुखायला लागले. एक दिवस माझ्या बांधावर बसून त्यांनी बूट काढले, मोजे काढले आणि तळपाय काळ्या मातीवर ठेवले. मग म्हणाल्या, "पायाखाली काय आहे तेच कळत नव्हतं इतके दिवस."

मी म्हणाले, "माती हाय. आनखी काय असंल?"

त्यांची मुलगी पुण्यात पळते. तिनं फोनवर सांगितलं होतं म्हणे की काही माणसं मुद्दाम अनवाणी पळतात, नाहीतर अगदी पातळ तळाचे बूट घालून. पण सावकाश सुरू करायचं, पाय त्याला विसरलेले असतात. बाईंनी मला विचारलं, तुम्ही तर जन्मभर अनवाणीच राहिलात ना. मी म्हणाले, चप्पल नव्हती म्हणून राहिले, हौस नव्हती. माझ्या पायात पहिली चप्पल लग्नात आली, तीही सासूनं घरात काढून ठेवली. "आमचा जलम चप्पल मिळवण्यात गेला, आन तुमी काढायलाव?" असं मी तोंडावर म्हणाले. बाई हसल्या. रागावायच्या नाहीत कधी.

सावकाश म्हणजे किती सावकाश, ते मी पाहिलं म्हणून सांगते. आधी अंगणातल्या फरशीवर नुसतं चालणं. मग गल्ली. मग आमच्या शेताकडची पांदण. कित्येक दिवस पळणं नाहीच. मग एका बाभळीपासून दुसऱ्या बाभळीपर्यंत पळायचं आणि चालत परत यायचं. पोटऱ्या इतक्या धरल्या की बाई घराच्या पायऱ्या उलट्या उतरायला लागल्या, तोंड घराकडे करून. अप्पा मिठाचं गरम पाणी घमेल्यात घेऊन उभे. मी म्हणाले, एवढं दुखतंय तर सोडा. बाई म्हणाल्या, "पहिलीच्या पोराला पहिल्या दिवशी बाराखडी येते का? रडू द्या दोघांना थोडं." दोघं म्हणजे पाय. आपल्याच पायांना त्या 'हा' आणि 'तो' म्हणायच्या. डावा हुशार, उजवा आळशी.

पळायची त्यांची रीत वेगळी होती. लांब टांगा नाहीत. बारीक पावलं, गुडघे जरा मोडलेले, पाऊल पुढे फेकायचं नाही, आपल्याच खाली ठेवायचं. टाच आपटायची नाही. "आवाज आला की पाऊल चुकलं," म्हणायच्या. आमच्या काठावरची टिटवी माणूस, कुत्रं, म्हैस, कशालाही बघून बोंब मारते. बाई जवळून गेल्यावर मग तिला जाग यायची.

बाईंचं म्हणणं असं की माती रोज वेगळं बोलते. मी सांगितलं, मी तिच्यात जन्मभर राबले, मला ती एकदाही काही बोलली नाही.

लोक हसायचे. सडकेवरच्या चहाच्या टपरीवर माणसं बाईंना बघून शिट्टी मारायची नाहीत, शाळेच्या बाई म्हणून, पण कप तोंडाशी नेऊन एकमेकांकडे बघायची. भरतीची पोरं पळतात, त्यांना कुणी हसत नाही. साठीला टेकलेली बाई केस बांधून, ओढणी कमरेला आवळून, बिनचपलेची पळते म्हटल्यावर गावाला काम मिळालं. अप्पांचे थोरले भाऊ परभणीहून आले. बैठकीत बसून, बाई आत आहेत हे माहीत असून, अप्पांना म्हणाले की या घरातली बाई रस्त्यानं पळते हे ऐकून घेणं अवघड झालंय. तुझ्या बायकोला डोक्याचं काही झालंय का, असं लोक विचारायलेत. अप्पा नखं बघत राहिले.

बाईंनी पळणं बंद केलं. त्या दिवसांत त्या माझ्याकडे यायच्या, चपला घालून, आणि बांधावर बसून समोरच्या पाण्याकडे बघायच्या. पाऊस संपत आला होता, गंगा काठोकाठ होती. चेहरा उतरलेला. गुडघे तोवर बरे झाले होते, म्हणजे गुडघ्याचं दुःख नव्हतं. एकदा म्हणाल्या, "रात्री मी झोपते हो, पाय झोपत नाहीत. अंथरुणात दोघं चालत असतात." त्यांना काय हवं होतं ते तेव्हा मला कळलं. दुसरं काही नको होतं. सकाळचं ते पळणं तेवढं हवं होतं, आणि ते कुणी मागून मिळणार नव्हतं.

मग नवरात्र आलं. आमच्याकडे घट बसले की निम्म्या बायका नऊ दिवस चपला घालत नाहीत. पहाटे घोळक्यानं गावाबाहेरच्या देवीला जातात. घटस्थापनेला बाईही चपला काढून निघाल्या. त्या घोळक्यात सगळ्याच अनवाणी. थोडं अंतर बाई चालल्या आणि मग पळत पुढे गेल्या. मी मागे होते. सगळ्या थांबल्या. माळ्याच्या गल्लीतली एक म्हातारी होती, तिनं बाईंच्या पाठीकडे बघून हात जोडले आणि म्हणाली, "केवढा कडक नवस हाय बघा."

एवढंच झालं. बाकीचं गावानं केलं. अप्पांना आदल्या वर्षी छातीत दुखून नांदेडला नेलं होतं. म्हणजे नवस नवऱ्यासाठी. अनवाणी पळत देवीला येईन असं बोलली असणार. बाईंना कुणीही विचारलं नाही, कारण नवस कशाचा ते विचारायचं नसतं आणि ज्याचा आहे त्यानं सांगायचं नसतं. दसरा झाला, बायकांनी चपला घातल्या, बाईंनी घातल्या नाहीत. मग नवस मोठा आहे, वर्षाचा आहे असं ठरलं. टपरीवरची माणसं बाई दिसल्या की उठून उभी राहायला लागली. थोरले भाऊ पुन्हा आले ते नारळ घेऊन. एका सकाळी देवळापाशी दोन सुना आल्या आणि बाईंच्या पायावर हळद-कुंकू वाहून गेल्या. बाई तशाच पायानं माझ्याकडे आल्या.

मी विचारलं, "बाई, नवस कवा बोललाव?"

"मी कुठं बोलले? त्या बोलल्या. मी ऐकून घेतलं."

"मग न्हाई म्हणून सांगा की."

त्यांनी पाय पाण्यात घातले. कुंकू निघालं आणि वाहत गेलं. म्हणाल्या, "सांगितलं तर उद्यापासून घरात बसावं लागेल."

"खोटं हाय पण हे."

"हो," म्हणाल्या. "पळणं खरं आहे ना पण?"

मला वेलांसाठी आळी करायची होती. मी कामाला लागले.

पाणी ओसरलं, वाळू उघडी पडली आणि बाई पात्रात पळायला लागल्या. त्या थंडीतल्या सकाळी मला अजून आठवतात. मी काही आठवणीत रमणारी नाही, पण त्या आपोआप येतात. खोपीच्या तोंडाशी मी चुलीपुढे बसलेली. समोर धुकं, त्यात ना नदी ना काठ. साखर कारखान्याकडून मळीचा आंबूस वास. मग वरून रेल्वेची गाडी जायची, पुलावरून, पण पूल दिसायचा नाही. नुसत्या उजेडाच्या खिडक्या एकामागून एक हवेतून सरकत जायच्या आणि त्यांचा आवाज कुठून तरी पाण्याखालून यायचा. त्या पुसल्या की बाई यायच्या. आवाज नाहीच. धुक्याचा एक तुकडा घट्ट व्हायचा, त्याला ओढणी यायची, मग हात, मग बाई. जवळून जाताना हात वर करायच्या आणि पुन्हा धूसर होऊन जायच्या. मला कित्येकदा वाटायचं की मी जागी झालेच नाही, चूल, धूर, बाई सगळं झोपेतलंच आहे. मग दूध उतू जायचं.

ओल्या वाळूत त्यांची पावलं उमटायची. पंजा आणि बोटं स्वच्छ, टाच अगदी पुसट. एकदा त्या शेजारी मी माझं पाऊल ठेवून पाहिलं. माझं रुंद, पुरं, टाचेच्या भेगांसकट. माझं पाऊल जमिनीवर राहायला आलेल्या माणसाचं, त्यांचं भेटायला आलेल्याचं. दोन्ही थोड्या वेळानं पाण्यानं भरली.

बाभळीचा काटा मोडला तो पौषात. मीच सुईनं काढला. पाय सुजला. मुलीनं पुण्याहून दुसरे बूट पाठवले, आणि हे काय बूट होते म्हणता. तळ म्हशीच्या कानासारखा पातळ, मुठीत वळेल असा, आणि प्रत्येक बोटाला वेगळं घर. पायात घातले की वानराचे पाय. मी इतकी हसले की मला ठसका लागला. बाई गंभीरपणे म्हणाल्या, "हसा. पण यात माती कळते आणि काटा अडतो." त्यांना ते फार आवडले होते. पुन्हा पुन्हा पायाची बोटं हलवून बघायच्या, लहान पोर नव्या बांगड्या बघतं तशा.

पण ते घालून घाटावरून आल्या आणि धुणं धुणाऱ्या बायकांनी पाहिलं. संध्याकाळी दोघीतिघी अप्पांकडे गेल्या. बाईंना काही बोलल्या नाहीत, अप्पांना म्हणाल्या की नवस मधेच मोडला तर ज्याच्यासाठी बोलला त्याच्यावर येतं. अप्पा तसे भित्रे. दुसऱ्या दिवशी बाई सुजल्या पायानं अनवाणीच आल्या, लंगडत. ज्या खोट्यानं त्यांना पळायला मोकळं केलं होतं, त्यानंच आता पाय धरले.

मग दोघा नवरा-बायकोनं तोड काढली. माझ्या मळ्याच्या पुढे पात्र वळतं. तिथं पाणकणसं दाट आहेत, पलीकडचं घाटावरून दिसत नाही. बाई घरापासून वळणापर्यंत अनवाणी यायच्या. मागून अप्पा, गळ्यात पिशवी. वळणाच्या पलीकडे गेलं की पिशवीतून बूट निघायचे. बाई तिथं पुढे मागे मनसोक्त पळायच्या, अप्पा वाळूवर रुमाल टाकून बसायचे. परतताना बूट पुन्हा पिशवीत. चोरून दारू पिणारे मी पुष्कळ पाहिले, चोरून बूट घालणारी बाई ही एकच.

अप्पांचं सांगायचं तर अंगानं जड. ऑफिसचे काळे बूट, ते वाळूतही सोडायचे नाहीत. रोज पॉलिश करून यायचे आणि पावलागणिक वाळू उपसत जायचे. बाईंना ते सगळ्यांसारखं 'बाई'च म्हणायचे. "बाई, हळू. बाई, पुरे आता." बाई लांबून म्हणायच्या, "अहो, तुम्ही पण काढून बघा ना एकदा." अप्पा म्हणायचे, माझे पाय सरकारी आहेत, त्यांना असल्या सवयी नाहीत. रोज हेच बोलणं, आणि रोज दोघं हसायचे. मला वाटायचं, ह्यांचं लग्न इतक्या वर्षांनी आता लागतंय.

वळणाच्या अलीकडे एक खड्डा होता. पात्रात ट्रॅक्टरवाले वाळू उपसतात, त्यांचे खड्डे जागोजाग. हा मोठा होता, पुरुषभर, तळाला पाणी. आम्हा सगळ्यांना माहीत होता. वळसा घालून जायचं, झालं.

बबन म्हणून एक ट्रॅक्टरवाला आहे. तोही बाईंचाच विद्यार्थी. आईला खूप मानणारा, देवीचा भक्त. संक्रांत झाली आणि एका दुपारी तो माझ्या खोपीशी ट्रॅक्टर थांबवून उतरला. लय खुश होता. म्हणाला, "मावशी, बाईची वाट बघितलीस का? निस्ती गादी केलीय." त्यानं तो खड्डा भरला होता. खाली उसाचं पाचट टाकलं, वर सैल वाळू ढकलली आणि ट्रॅक्टरमागं फळी बांधून सगळं सपाट केलं. नवसाच्या बाईला वळसा पडू नये, पायाला खडा लागू नये म्हणून. डिझेल त्याचं, दिवस त्याचा. कुणाला सांगू नको म्हणाला, पुण्य कमी होतं. मी जाऊन बघितलं. खड्डा कुठं होता ते मलाही ओळखू आलं नाही. चांगलं केलंस म्हणाले मी. कुणीही म्हणालं असतं.

बाईंना मी सांगितलंच. त्या ऐकून बसल्याच. म्हणाल्या, "पोरगं दिवसभर खपलं? माझ्यासाठी?" मग बराच वेळ वाळू ओंजळीत घेऊन सोडत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आता सांगायलाच पाहिजे, शेवंताबाई. आज वाट केली, उद्या पादुका करतील."

रथसप्तमीच्या आत त्यांच्या घरी हळदी-कुंकू व्हायचं होतं. तिथं सगळ्या बायकांना सांगायचं त्यांनी ठरवलं. नवस नाही, कधी बोललेच नाही, मला पळायला आवडतं म्हणून पळते. मला म्हणाल्या, तुम्ही माझ्या शेजारी बसा.

"हसले लोक तर?" त्यांनीच विचारलं.

"हसतेल. मग घरी जाऊन भाकरी खातेल."

"आणि थोरले भाऊ?"

"ते तर नारळ परत मागतेल."

बाई तोंडाला ओढणी लावून हसल्या. मग गंभीर झाल्या. म्हणाल्या, "पण मग मी बूट घालून, उजेडात, घाटावरून पळेन. नाही पळू दिलं तर ते तोंडावर तरी सांगावं लागेल त्यांना." असं बोलताना त्यांची ती तीन बोटं हवेत होती, फळ्यावर लिहिताना असावीत तशी. भीती होती त्यांना. ती लपवली नाही. पण ठरलं होतं. हळदी-कुंकवाचं वाण म्हणून त्यांनी काय आणलं ते ऐकून मी कपाळाला हात लावला. टाचेच्या भेगांचं मलम. सगळ्या गावाला.

त्याच्या आधीची ती सकाळ. वरच्या बंधाऱ्यातून पाणी सोडलं होतं. पात्रात दिसायला फार नव्हतं, पण वाळू खालून ओली झाली होती. माझ्या वेलांच्या आळ्यांत आपोआप पाणी उभं राहिलं तेव्हा मी ते बघत वाकलेली होते. गाडी येऊन गेली होती. बाई माझ्या मागून गेल्या आणि त्या सपाट जागेवरून पळत पलीकडे पोहोचल्या, पाऊल न वाजता. मग अप्पा आले, नेहमीसारखे खच खच करत, आणि बाईंच्याच पावलांवरून सरळ गेले. मला आधी टिटवी ऐकू आली. मग अप्पांची हाक, "बाई", एवढीच.

बाई वळसा घालून अलीकडच्या कडेला परत आल्या होत्या, पुढचं मी वर सांगितलंय. बांबू घेऊन मी आले आणि बाईंनी सांगितलं तशी पोटावर पडून पुढे सरकले. बांबू आडवा टाकला. अप्पांचा मोकळा हात त्यावर आला. मी मोठ्यानं ओरडत होते, घाटावरून माणसं यायला लागली, बबनचा ट्रॅक्टर जवळच होता. बाई अप्पांना सांगत होत्या, पाय मारू नका, हात पसरा, माझ्याकडे बघा. अप्पा बघत होते. अप्पांचा दुसरा हात बांबूवर यावा म्हणून मी बांबू आणखी ढकलला, तेवढ्यात बाई पडल्या होत्या ती कड खाली सरकली. आवाज झाला नाही. डोकं आणि खांदे आधी गेले आणि वरची वाळू त्यांच्यावर आली. मनगट सोडलं असतं तर मागे सरकता आलं असतं. त्यांनी सोडलं नाही, ते वाळूखालून सुटलं. बबननं हातांनी उकरलं, नखं फुटेपर्यंत. अप्पांना चौघांनी ओढून काढलं. बाईंना काढलं तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्याला घर भरलं होतं. अप्पा उभे राहिले. मी त्यांना चार माणसांत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. ते म्हणाले की नवस वगैरे काही नव्हता. तिला पळायला आवडायचं, तेवढंच. ती स्वतः सांगणार होती, राहून गेलं, म्हणून मी सांगतो. खाली बसले.

बायकांनी ऐकून घेतलं. मग माळ्याच्या गल्लीतली म्हातारी म्हणाली, "असंच म्हणायचं असतंय, बाबा. नवस सांगत नसतेत." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. नवऱ्याचा जीव मागितला होता, आपला देऊन फेडला. आता गावात हेच चालतं. त्या जागेवर कुणी तरी दगडाला शेंदूर लावलाय. बबन तिथं बसून असतो, ट्रॅक्टर विकला त्यानं. मी विचारणाऱ्याला सांगते की तसं काही नव्हतं. खड्डा होता, पाणी आलं होतं आणि माणसं भली होती. कुणाला पटत नाही.

मी बाईंना शेवटचं नीट पाहिलं ते त्याच सकाळी, खड्ड्याच्या आधी. मी वाकलेली होते, वेलांतलं पाणी बघत. मागून काही आलं असं वाटलं म्हणून वळले तर बाई जवळून जात होत्या. दव पडून केस पांढरे झालेले. डोळे अर्धे मिटलेले. पायांनी बघत होत्या म्हणा. मला हात केला नाही त्या दिवशी, बहुतेक मी आहे हेच त्यांना कळलं नाही. तोंडावर हसू होतं, कुणासाठी नसलेलं. धुकं खाली दाट होतं, त्यात आधी पाय गेले आणि मग बाकीच्या बाई. थोडा वेळ नुसती ओढणी दिसत राहिली, मग तीही नाही.

तिथं आम्ही तिघं होतो. अप्पा वाचले, मी वाचले. बाई गेल्या.